अतिवास्तववादाचा तोतया

पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडल्यानंतर काही वर्षांनी ‘भाऊ तो मीच’ असे म्हणत एक तोतया उभा राहिला आणि भल्याभल्यांनी त्याला मुजरे केले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. कलेच्या प्रांतात सध्या असाच एक तोतया वावरत आहे. संगणकाला चार शब्दांची सूचना द्यावी आणि चहाचा घोट घशाखाली उतरेपर्यंत पडद्यावर चित्र हजर व्हावे: मेणासारखा वितळणारा घंटाघर, डोक्याच्या जागी पिंजरा असलेली स्त्री, ढगांत नांगरलेले गलबत. हे पाहून काही जाणती मंडळी हर्षभराने म्हणू लागली आहेत, की १९२४ साली पॅरिसमध्ये अतिवास्तववाद्यांनी जे मागितले ते शंभर वर्षांनी यंत्राने देऊन टाकले. यंत्र हाच त्या चळवळीचा खरा वारस.

आम्हांला हा वारसाहक्क मान्य नाही. आमचा विरोध संगणकाला आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. संगणकाचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्या मंडळींशीही आमचे भांडण आहेच, आणि त्यांचा समाचार याच लेखात ओघाने येईल.

प्रथम मूळ पुरुषाची ओळख पटवून घेऊ. आंद्रे ब्रेताँ हा वैद्यकाचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात त्याने मनाचा तोल गेलेल्या सैनिकांच्या शुश्रूषागृहात काम केले, त्यांची असंबद्ध बोलणी ऐकली, आणि त्या असंबद्धतेत त्याला एक वेगळीच संगती दिसली. फ्रॉइडच्या विचारांशी त्याचा परिचय झाला. १९१९ साली फिलिप सुपोबरोबर बसून त्याने विवेकाचा लगाम सोडून, न थांबता, न खोडता लिहिण्याचा प्रयोग केला. १९२४ च्या जाहीरनाम्यात या रीतीला त्याने मनाची स्वयंचलित क्रिया म्हटले. ‘स्वयंचलित’ हा एक शब्द हाती लागला आणि आजचे यंत्रभक्त त्यालाच बिलगून बसले आहेत. यंत्र स्वयंचलित, ब्रेताँही स्वयंचलित; झाले, नाते जुळले! परंतु ब्रेताँने लगाम सोडला तो स्वतःच्या मनाचा. घोडा उधळला तर पडणार होता तोच. ज्याला मनच नाही त्याने लगाम सोडला, या म्हणण्याला अर्थ काय?

मॅक्स अर्न्स्टची गोष्ट याहून बोलकी आहे. १९२५ च्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्समधील समुद्रकाठच्या पोर्निक या गावी तो एका खानावळीत उतरला होता. खोलीतील जमीन लाकडी फळ्यांची. वर्षानुवर्षे घासून घासून त्या फळ्यांच्या रेषा उठून आल्या होत्या. पाहता पाहता त्या रेषांनी त्याला पछाडले. त्याने फळ्यांवर कागद टाकले आणि वरून शिसे घासले. आपण लहानपणी वहीच्या पानाखाली नाणे ठेवून पेन्सिल घासत असू, तीच ही युक्ती. मात्र अर्न्स्टला त्या घासलेल्या रेषांत अरण्ये दिसली, पक्षी दिसले, समुद्र दिसले. पाने, गोणपाट, दोरे, जे हाती येईल ते त्याने असे घासून पाहिले. १९२६ साली त्यांतील चित्रांचा संग्रह ‘निसर्गाचा इतिहास’ या नावाने प्रसिद्ध झाला. येथे योगायोग आहे, हात सैल सोडणेही आहे. पण त्याआधी एक विशिष्ट खोली आहे, त्या खोलीतील झिजलेली फळी आहे आणि त्या फळीकडे टक लावून बसलेला एक माणूस आहे. फळीने त्याला विरोध केला, सूचनाही दिली. त्याने काही घेतले, काही टाकले. जगातल्या दुसऱ्या कोणाला त्या फळीत तेच अरण्य दिसले नसते.

आता हाच अर्न्स्ट आम्हां कॅथलिकांना दुखावणारा आहे, हे लपविण्याचे कारण नाही. अतिवास्तववाद्यांचे ख्रिस्तसभेशी हाडवैर होते. १९२६ साली अर्न्स्टने एक मोठे तैलचित्र रंगविले. त्यात पवित्र मरिया बाळ येशूला मांडीवर पालथे घालून चोपते आहे. बाळाचे तेजोवलय जमिनीवर घरंगळले आहे. आणि मागच्या खिडकीतून ब्रेताँ, कवी पॉल एल्युआर आणि स्वतः अर्न्स्ट असे तिघे साक्षीदार आहेत. हे चित्र आज जर्मनीतील कोलोन शहरी लुडविग संग्रहालयात आहे. त्याचा निषेध करणाऱ्यांस आम्ही दोष देणार नाही. पण या चित्रामागे एक घर आहे. अर्न्स्टचे वडील फिलिप हे ब्र्यूल गावातील मूकबधिर मुलांचे शिक्षक, कडवे कॅथलिक आणि हौशी चित्रकार. लहानग्या मॅक्सला समोर उभा करून त्यांनी त्याचे बाळ येशूच्या रूपात चित्र काढले होते. ज्या मुलाला बापाने बाळ येशू केले, त्याने मोठेपणी बाळ येशूला मार खाताना दाखविले! हा अनादर आहे खराच. परंतु तो एका मुलाचा आहे, एका बापाशी आणि त्या बापाच्या श्रद्धेशी चाललेल्या जन्मभराच्या भांडणातला आहे. अशा माणसाशी वाद घालता येतो, त्याच्यासाठी प्रार्थनाही करता येते.

याच्या शेजारी २०२४ सालचे एक दृश्य ठेवून पाहा. त्या वर्षी फेसबुकवर कोळंबीचा येशू अवतरला. कोळंबीच्या कवचांचे शरीर, कोळंबीचे हात, मध्यभागी आपल्या प्रभूचा चेहरा, भोवती समुद्राचे निळे पाणी. अशी शेकडो चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेऊन लोकांच्या पसंतीच्या खुणा गोळा करण्यासाठी पसरविण्यात आली, आणि त्यांखाली भाविकांनी ‘आमेन’ लिहिले. बाह्यतः पाहता हे अतिवास्तव चित्रच. दोन न जुळणाऱ्या वस्तू एकत्र आणणे, ही तर त्या चळवळीची आवडती रीत. पण ही दोन कोणाच्या मनात जुळली? कोणाच्याच नाही. ज्याने सूचना दिली त्याला ना येशूविषयी प्रेम, ना राग. चित्राला किती लोक भुलतात एवढीच मोजदाद. आम्ही स्पष्ट म्हणतो, की अर्न्स्टच्या निंदेपेक्षा ही कोळंबीची भक्ती आम्हांला अधिक अपमानास्पद वाटते. निंदकाने निदान प्रभूची दखल घेतली होती.

हा फरक यंत्राच्या कामाची रीत पाहिली म्हणजे अधिक उघड होतो. २०१५ साली गूगलच्या अभियंत्यांनी ‘डीप ड्रीम’ नावाचा प्रयोग जगापुढे मांडला. साधे छायाचित्र यंत्रात घालावे, तर ढगांतून, झाडांतून, माणसांच्या गालांतून कुत्र्यांची तोंडे आणि डोळे उगवू लागत. ‘यंत्राला स्वप्ने पडू लागली’ असा गवगवा झाला. कुत्रीच का? तर ज्या चित्रसंग्रहावर यंत्राला शिकविले होते त्याच्या एक हजार वर्गांपैकी शंभराहून अधिक वर्ग कुत्र्यांच्या निरनिराळ्या जातींचे होते. ज्याला घोकंपट्टीत कुत्रीच दिली त्याला सर्वत्र कुत्रीच दिसणार. यात स्वप्न कसले? हे पाठांतराचे अजीर्ण.

त्यानंतरची यंत्रे फार पुढे गेली. जानेवारी २०२१ मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीने ‘डाल-ई’ जाहीर केले. साल्वादोर दाली आणि एका चित्रपटातला यंत्रमानव वॉल-ई यांची नावे जोडून केलेले हे नाव. वारसा सांगण्याची हौस नावातच दिसते. २०२२ मध्ये मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही यंत्रे सर्वांना खुली झाली. यांच्या शिक्षणासाठी चित्र आणि त्याखालील मजकूर अशा जोड्या महाजालातून ओरपून घेतल्या जातात. २०२२ सालच्या एका प्रसिद्ध संग्रहात अशा ५८५ कोटी जोड्या आहेत. काम चालते ते असे: चित्रांवर थोडी थोडी धूळ टाकत जाऊन, ती धूळ पुसायची कशी, हे यंत्राला शिकविलेले असते. मग त्याला निव्वळ धूळ, म्हणजे अर्थहीन ठिपके, द्यायचे आणि ‘यात वितळणारे घड्याळ आहे’ असे सांगायचे. त्या शब्दांशी ज्या आकृत्यांची सांगड त्याने कोट्यवधी वेळा पाहिली त्यांच्याकडे झुकत झुकत ते धूळ पुसत जाते. प्रारंभ योगायोगाने खरा, पण प्रत्येक पाऊल पडते ते अधिक संभाव्य असेल तिकडे. अर्न्स्ट एका ठरावीक फळीपासून निघून असंभाव्य अरण्यात पोहोचला. यंत्र कशापासूनही निघाले तरी जे पुष्कळांनी पुष्कळदा काढले आहे तेथे पोहोचू पाहते. मंडईत जाऊन सर्वांच्या पिशव्यांतील भाज्या एका पातेल्यात उकळाव्यात, तशी ती चव: वाईट नव्हे, पण कोणाच्याच घरची नव्हे.

मौज अशी, की सुरुवातीच्या दिवसांत ही यंत्रे खरोखरच क्वचित अतिवास्तव वाटत. हाताला सहा बोटे, एकात एक वितळलेले दात, खांद्यातून निघालेला तिसरा कोपर. ती त्यांची चूक होती आणि चुकीतच काय ते नवल होते. कंपन्यांनी ती चूक दुरुस्त करीत आणली. आता विचित्र हवे असेल तर विचित्राची मागणी नोंदवावी लागते, आणि मागणी नोंदवून मिळालेल्या स्वप्नाला स्वप्न म्हणण्याचे धारिष्ट्य आम्हांला होत नाही.

मग संगणकाने कलेचा नाशच केला काय? येथे आम्ही पहिल्या मंडळींना सोडून दुसऱ्यांकडे वळतो.

अमेरिकेत जेरी युल्समन नावाचे छायाचित्रकार होऊन गेले. जन्म १९३४, मृत्यू २०२२. फ्लॉरिडा विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. १९६७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्यांच्या अंधारखोलीत एक नव्हे, अनेक एन्लार्जर ओळीने मांडलेले असत. एकात ढगाची निगेटिव्ह, दुसऱ्यात झाडाची, तिसऱ्यात हाताच्या ओंजळीची. एकच संवेदनशील कागद एकाखालून दुसऱ्याखाली सरकवायचा, नको तेथला प्रकाश हाताने वा पुठ्ठ्याने अडवायचा, आणि शेवटी रसायनाच्या तबकात काय उमटते ते लाल दिव्याखाली वाट पाहत बघायचे. त्यातून मुळांसकट अधांतरी तरंगणारी झाडे निघाली, छत उडून आकाशच छत झालेल्या खोल्या निघाल्या. एक निगेटिव्ह केसभर सरकली तर कागद वाया, पुन्हा पहिल्यापासून.

१९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थरांची सोय झाली; चित्राचे निरनिराळे भाग पारदर्शक कागदांप्रमाणे एकावर एक ठेवता येऊ लागले. युल्समन जे अंधारात चाचपडत करीत ते आता उजेडात, खुर्चीवर बसून, चूक झाल्यास मागे घेऊन करता येणार होते. साधनसामग्री त्यांच्या दाराशी आली होती. त्यांनी मात्र अंधारखोली सोडली नाही. सोडली नाही म्हणून कोणावर टीकाही केली नाही. आणि त्याच घरात त्यांच्या तेव्हाच्या पत्नी मॅगी टेलर यांनी १९९६ च्या सुमारास संगणक जवळ केला! कॅमेऱ्याऐवजी त्यांनी सपाट स्कॅनर वापरला. जुन्या बाजारातून आणलेली एकोणिसाव्या शतकातील पत्र्यावरची अनोळखी माणसांची छायाचित्रे, मोडकी खेळणी, मेलेली फुलपाखरे, वाळकी पाने, असे सारे त्या स्कॅनरच्या काचेवर ठेवीत आणि मग आठवडेच्या आठवडे, थरावर थर चढवीत एकेक चित्र सिद्ध करीत. डोक्याभोवती माश्यांचे वलय असलेल्या, ढगांचा झगा घातलेल्या त्यांच्या स्त्रिया पाहिल्या म्हणजे त्या युल्समन यांच्या नव्हेत हे क्षणात कळते. घर एक, काळ एक, विषयही शेजारशेजारचे. साधने मात्र परस्परविरुद्ध. तरी दोघांनीही खऱ्या वस्तू हाताळल्या, दोघांनीही टाकले अधिक आणि ठेवले थोडे. संगणकाने केलेले ते खोटे आणि रसायनाने केलेले ते खरे, असे म्हणणाऱ्यांनी या दोघांच्या चित्रांपुढे उभे राहून ते म्हणून दाखवावे.

फार कशाला, खुद्द दालीकडे पाहा. १९७३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या लिऑन हार्मन यांनी, चेहरा ओळखण्यास किती कमी माहिती पुरते हे तपासताना, अब्राहम लिंकनचे संगणकावर केलेले, निव्वळ करड्या चौकोनांचे चित्र प्रसिद्ध केले. दालीने ते पाहिले आणि १९७६ च्या सुमारास एक प्रचंड तैलचित्र रंगविले: जवळून पाहावे तर त्याची पत्नी गाला खिडकीतून भूमध्य समुद्राकडे पाहते आहे, वीस मीटर दूर जावे तर लिंकनचा चेहरा. संगणकाचे चौकोन अतिवास्तव चित्रकलेत शिरले ते असे, हाताने रंगवून. यंत्राची दृष्टी त्याने उसनी घेतली, पण खिडकी त्याची, पत्नी त्याची, समुद्र त्याच्या अंगणातला.

‘आज दाली असता तर त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेला मिठी मारली असती’ असे आम्हांला ऐकविण्यात येते. मारली असती, आम्हांलाही तसेच वाटते. कोऱ्या कागदांवर हजारोंनी सह्या करून देणाऱ्या आणि नंतर त्यावर कोणी काय छापले याची फिकीर न बाळगणाऱ्या या गृहस्थाने काय काय केले नसते! पण दालीने केले म्हणून ते प्रमाण, हा युक्तिवाद त्याच्या त्या सह्यांइतकाच पोकळ.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अर्न्स्टने आपल्या चिकटचित्रांच्या कादंबऱ्यांसाठी एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांतील व विक्रीपत्रकांतील खोदचित्रे बेधडक कापली. त्या कारागिरांची नावेही त्याने दिली नाहीत. मग आजच्या यंत्राने चित्रकारांची चित्रे घेतली तर ओरड का? आक्षेप खरा आहे, आणि त्या अनाम खोदकाम्यांचे ऋण अतिवास्तववाद्यांच्या गुणगानात आजवर कोणी नीट मानलेले नाही. परंतु अर्न्स्टने कापले ते कात्रीने, एक एक पान पाहून. आणि त्या पानांवरून जगणाऱ्या कारागिराच्या तोंडचा घास त्याने काढला नाही. आजचे यंत्र हयात चित्रकाराची शैली उचलते आणि त्याच्याच गिऱ्हाइकाला ती फुकटात विकते. म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये तीन अमेरिकन चित्रकर्त्यांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात धाव घेतली.

येथवर प्रश्न चित्रकारांचा. आता आपल्या घरचा. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर कोटातील चित्र जगभर फिरले. ते मिडजर्नीने काढलेले होते. लाखो लोकांनी ते खरे मानले, अनेकांनी कौतुकही केले. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप महोदयांनी अशा बनावट प्रतिमांविषयी लिहिताना आपणही त्यांचा विषय झाल्याचे नमूद केले. अतिवास्तव चित्र आणि हे चित्र यांत मूलभूत भेद असा, की वितळलेले घड्याळ ‘मी खरे घड्याळ आहे’ असे कधीच म्हणत नाही. स्वप्न स्वप्न म्हणून समोर येते तोवर ते निर्मळ; ते खऱ्याचा वेष घेऊन आले की त्याला दुसरे नाव द्यावे लागते. आज आपल्या घराघरांत भ्रमणध्वनीवर येणारी, डोळ्यांतून अश्रू ओघळणाऱ्या मूर्तींची आणि ढगांत उमटलेल्या क्रुसांची चित्रे याच जातीची असतात, आणि ती पुढे धाडणारे हात बहुधा भक्तिभावाने जोडलेलेच असतात.

स्पर्धांतही हाच घोळ झाला. २०२२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत संगणकीय चित्रांच्या गटात मिडजर्नीने काढलेल्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले. बक्षीसपात्र गृहस्थांनी सांगितले, की आपण किमान ६२४ वेळा सूचना बदलल्या. तरीही २०२३ मध्ये अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने त्या चित्रावरील हक्क नोंदविण्यास नकार दिला. ६२४ वेळा मागणी बदलणे ही चिकाटी आहे, याबद्दल दुमत नाही. चोखंदळ गिऱ्हाईकही शिंप्याकडे तितक्याच खेपा घालते. २०२३ सालीच जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डागसेन यांनी एका मोठ्या जागतिक छायाचित्रस्पर्धेत बक्षीस मिळविले आणि ते नाकारले. आपले चित्र यंत्रनिर्मित असून छायाचित्रांशी त्याची स्पर्धा लावू नये, असे त्यांनी स्वतःहून जाहीर केले. ते काही यंत्राचे विरोधक नव्हेत. पण वस्तूला तिच्या नावाने हाक मारली पाहिजे एवढे त्यांना कळत होते.

नाताळ जवळ येत आहे. आपल्या धर्मग्रामांतून गोठ्यांच्या, शुभेच्छापत्रांच्या आणि चित्रांच्या स्पर्धा जाहीर होतील. परीक्षक मंडळींना आमची तीन मागण्यांची विनंती आहे. यंत्राकडून काढून घेतलेल्या चित्रांचा गट निराळा ठेवावा आणि चित्राखाली तसे स्वच्छ लिहावयास लावावे. जे मूल संगणकावर स्वतः चित्र रचते, स्वतः काढलेली छायाचित्रे कापून जोडते, त्याला या गटात ढकलू नये. ते मॅगी टेलर यांच्या वाटेवरचे आहे. आणि प्रत्येक मुलाला चित्राबरोबर त्याचे कच्चे कागद आणावयास सांगावे: खाडाखोड केलेले, रबराने फाटलेले, मेंढरू काढता काढता कुत्रे झालेले. ते कागद परीक्षकांनी आधी पाहावेत, चित्र नंतर.